सहाबारी आणि शिकारी

रिव्हॉल्व्हर या वस्तूशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख झाली ती बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून, नाहीतर चित्रपटाच्या पडद्यावरून. खलनायकाने ते खिशातून काढावे, कोणीतरी किंकाळी फोडावी आणि त्याच क्षणी दिवे जावेत, एवढाच त्याचा आपल्या मनातला व्यवहार. पोलिस अधिकाऱ्याच्या कमरेला ते दिसते, क्रांतिकारकांच्या चरित्रांत ते भेटते. पण कोठेही भेटले तरी ते माणसावर रोखलेले असते. त्यामुळे पृथ्वीच्या पाठीवर असा एक देश आहे की, जेथे संसारी, सरळमार्गी माणसे रिव्हॉल्व्हरची आठवण आजोबांच्या घड्याळाप्रमाणे किंवा पहिल्या सायकलीप्रमाणे काढतात, असे कोणी सांगितले तर आपल्याला ते मोठे चमत्कारिक वाटते. तो देश म्हणजे अमेरिका. या जिव्हाळ्याच्या मुळाशी काय आहे, आणि आपण त्याचा आदर करावा की नाही, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

अमेरिकेतील शिकारविषयक नियतकालिके चाळली तर त्यांत दोन प्रकारचे लेखन आढळते. पहिले तांत्रिक, म्हणजे काडतुसात दारू किती, गोळीचे वजन किती, वेग किती, असा सगळा हिशेब. दुसरे निव्वळ आठवणींचे. या दुसऱ्या प्रकारात चार्ल्स स्केल्टन हा लेखक फार लोकप्रिय झाला. ‘स्कीटर’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. १९२८ साली टेक्सासमध्ये जन्मलेल्या या माणसाने सरहद्दीवरील पहारा आणि शेरीफची नोकरी केली, आणि १९८८ साली तो वारला. मंदीच्या काळातील दोन पोरांच्या उचापती त्याने अशा काही रंगवल्या आहेत की, बंदुकीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही आपले बालपण आठवावे. या आठवणींचा एक ठराविक साचा आहे. आजोबांच्या कपाटात तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर असते. पुढे स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेले एक असते. आणि अडचणीच्या दिवसांत विकून टाकलेले व त्याबद्दल जन्मभर चुटपुट लावणारे असे एक असतेच असते. मारलेल्या जनावरांची मोजदाद तेथे फारशी महत्त्वाची नसते. महत्त्वाची असते ती सकाळची थंडी, बरोबरचा माणूस आणि हातातल्या वस्तूचे वजन.

या वस्तूची जन्मकथा आपल्या देशाला ओझरती का होईना, स्पर्श करून गेली आहे. सॅम्युएल कोल्ट हा कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा मुलगा. त्याचा जन्म १८१४ चा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३० साली, ‘कॉर्वो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून तो बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. त्या प्रवासात त्याने फिरत्या पिस्तुलाचा एक लाकडी नमुना कोरला. सुकाणूचे चाक फिरताना एकेका आऱ्याशी अडकून कसे पक्के होते ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. फिरत्या पिस्तुलाचे प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते. लंडनमध्ये एलिशा कॉलियरने १८१८ साली तसा हक्क नोंदवला होता. पण घोडा मागे ओढला की पुढचे घर आपोआप नळीसमोर येऊन घट्ट बसावे, ही युक्ती व्यवहारात उतरवली ती कोल्टने. १८३५ साली इंग्लंडमध्ये आणि १८३६ साली अमेरिकेत त्याने हक्क मिळवले, पॅटर्सन येथे कारखाना काढला आणि १८४२ पर्यंत तो बुडालाही. पुढे मेक्सिकोच्या लढाईत सॅम्युएल वॉकर या टेक्सासच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून सरकारने १,००० रिव्हॉल्व्हरे मागवली, तेव्हा १८४७ साली कोल्टचे दैव उघडले. ते ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर दोन किलोहून अधिक वजनाचे होते. कमरेला बांधण्यापेक्षा ते घोड्याच्या खोगिरालाच अधिक शोभे.

आता ही वस्तू चालते कशी ते थोडक्यात पाहू. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला नळीतून दारू भरावी लागे, गोळी ठासावी लागे, मागे केप बसवावी लागे. कोल्टने नळी एकच ठेवली, आणि तिच्यामागे सहा घरांचे एक फिरते नळकांडे बसवले. म्हणूनच आपल्याकडे त्याला सहाबारी पिस्तूल हे नाव पडले. सुरुवातीला ही घरेही पुढच्या बाजूनेच ठासावी लागत. मागून पितळी काडतूस सरकवता येईल असे आरपार घर पाडण्याचा हक्क रोलिन व्हाइट या गृहस्थाने १८५५ साली घेतला होता. स्मिथ आणि वेसन या जोडीने तो वापरण्याचा परवाना मिळवून १८५७ साली आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. या हक्काची मुदत १८६९ साली संपेपर्यंत कोल्टच्या कारखान्याला थांबावे लागले. मग १८७३ साली त्या कारखान्याने जे रिव्हॉल्व्हर काढले, तेच आठवणींच्या या सर्व लेखनाचे दैवत होय. अमेरिकन सैन्याने ते स्वीकारले, आणि लोकांनी त्याला ‘पीसमेकर’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारे, असे नाव दिले. माणसे किती सहजपणे शस्त्राला शांततेचे नाव देतात, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. चापाचे काम फक्त तो सोडण्याचे. पुढे चाप ओढला की घोडा उठतो, घरही फिरते आणि बारही उडतो, अशी दुहेरी योजना आली. पण जुन्या मंडळींचे प्रेम राहिले ते अंगठ्याच्या घोड्यावरच. काडतुसे भरण्याची रीतही सावकाश. घोडा अर्धवट ओढायचा, उजव्या अंगाची छोटी झडप उघडायची आणि नळकांडे फिरवत एकेक काडतूस सरकवायचे. रिकामी झालेली पुंगळीही सळईने एकेक करूनच ढकलावी लागते. शिवाय एक खोच आहे. घोड्याची टोकदार चोच सहाव्या काडतुसावर टेकलेली राहिली, आणि रिव्हॉल्व्हर खाली पडले किंवा घोड्यावर काही आपटले, तर बार उडू शकतो. म्हणून जाणता मनुष्य एक काडतूस भरतो, एक घर सोडतो, चार भरतो, मग घोडा पूर्ण मागे ओढून अलगद खाली ठेवतो. घोडा नेमका रिकाम्या घरावर येतो. सहाबारी म्हणून ओळखले जाणारे हे शस्त्र बाळगणारा शहाणा माणूस ते पाचबारीच ठेवत असे. विल्यम रुगर या कारखानदाराच्या रिव्हॉल्व्हरांत १९७३ साली अशी सुधारणा झाली की सहाही घरे निर्धास्तपणे भरावीत. तरीही पुष्कळ म्हातारे सवयीने एक घर रिकामे ठेवत राहिले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या देशात उत्तम रायफली सहज मिळतात, तेथे शिकारीला रिव्हॉल्व्हर न्यावेच कशाला? कारण शिकारीचे हत्यार म्हणून रिव्हॉल्व्हर रायफलीपुढे सर्वच बाबतींत उणे आहे. हे उणेपण साध्या त्रैराशिकाने समजते. रिव्हॉल्व्हरच्या पुढची माशी आणि मागची खाच यांत २० सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. नेम धरताना माशी अर्धा मिलिमीटर बाजूला झाली, तर ५० मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात, तो सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. म्हणजे मध्यापासून कोणत्याही बाजूला १० सेंटिमीटर. तेव्हा त्या अर्ध्या मिलिमीटरने गोळी मर्मस्थानाबाहेर गेलेली असते. रायफलीवर माशी आणि खाच यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर तीच चूक चार सेंटिमीटरवर भागते. शिवाय रायफल खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकते. रिव्हॉल्व्हर नुसत्या हातांच्या टोकाशी थरथरत असते. जोराचेही तसेच. रिव्हॉल्व्हरमध्ये बलवान समजले जाणारे .४४ मॅग्नम हे काडतूस साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे १,४०० फूट वेगाने फेकते. .३०-०६ या सर्वपरिचित रायफलीच्या गोळीशी तुलना केली, तर तिचा जोर जेमतेम एकतृतीयांश भरतो.

या उणेपणावर मात करण्याचा ध्यास घेणारा एक विलक्षण मनुष्य होऊन गेला. त्याचे नाव एल्मर कीथ. जन्म १८९९, मृत्यू १९८४. लहानपणी मॉन्टाना राज्यातील मिसूला येथे लागलेल्या आगीत तो होरपळला आणि त्याचा डावा हात वेडावाकडा झाला. पुढे आयडाहोच्या डोंगराळ मुलखात गुरे राखणे, शिकाऱ्यांना वाट दाखवणे आणि लेख लिहिणे यांत त्याचे आयुष्य गेले. डोक्यावर रुंद काठाची हॅट, तोंडात चिरूट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर, अशी त्याची मूर्ती होती. तो शिसे वितळवून साच्यात ओतून गोळ्या स्वतः बनवी. गोळीचे नाक सपाट आणि खांदा धारदार असला म्हणजे घाव स्वच्छ आणि खोल होतो, हे त्याने अनुभवाने ठरवले, आणि .४४ स्पेशल या जुन्या काडतुसात दारू वाढवून पाहिली. १९३५ साली स्मिथ आणि वेसनच्या कारखान्याने .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस काढले होते, आणि त्या घराण्यातील मेजर डग्लस वेसन यांनी त्यावर मोठमोठ्या जनावरांची शिकार करून त्याची कीर्ती पसरवली होती. पण कीथचे तेवढ्याने समाधान झाले नाही. वीसपंचवीस वर्षे त्याने पत्रे आणि लेख यांचा भडिमार चालू ठेवला, आणि अखेर १९५५ च्या शेवटी .४४ मॅग्नम तयार झाले. त्या काडतुसाचा धक्का आणि आवाज एवढा की, पहिला बार काढल्यावर अनेकांनी रिव्हॉल्व्हर मुकाट्याने पेटीत ठेवून दिले.

तरीही शिकाऱ्याच्या आठवणीत जे राहते त्याचा उलगडा केवळ जोराने होत नाही. रायफलवाला शिकारी २०० मीटरवरून हरीण टिपू शकतो. रिव्हॉल्व्हर घेतलेल्याला साध्या माशीवर ५० मीटरच्या आत जावे लागते, आणि हाच सगळा फरक आहे. ५० मीटरच्या आत हरणाचे कान हलताना दिसतात, ओल्या पानांवर त्याचे खूर वाजतात ते ऐकू येते. वाऱ्याची दिशा चुकली तर दिवस वाया जातो. नोव्हेंबरच्या पहाटे ओकच्या रानात झाडाला पाठ लावून बसलेला मनुष्य तासन् तास हालत नाही. खार येऊन बुटावरून पळून जाते. शेवटी हरीण येते, पण ते ७० मीटरवर थांबते, किंवा त्याच्या छातीआड एक बारीकशी फांदी येते, किंवा ते तोंड करून समोरच उभे राहते. रायफल असती तर बार झाला असता. येथे अंगठा घोड्यावर ठेवून तो नुसता पाहत राहतो, आणि हरीण निघून जाते. या लेखनात न उडवलेल्या बारांच्या अशा कितीतरी कथा आढळतात, आणि त्या सांगणाऱ्याच्या सुरात खंत नसते. आपण हत्यार जाणूनबुजून उणे निवडले म्हणून आपल्याला रान अधिक दिसले, असे त्याचे म्हणणे असते.

या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारण उणे हत्यार निवडण्याची किंमत शिकारी एकटाच देत नाही. नेम अर्धा मिलिमीटर चुकला तर जनावर जखमी होऊन पळते आणि झुडपात कोठेतरी कण्हत मरते. शिकाऱ्याचा खेळ आणि जनावराच्या यातना, असा तो विषम सौदा आहे. चांगले शिकारी हे ओळखून असतात. गोळी लागल्यावर लगेच धावायचे नाही, अर्धा तास थांबायचे, मग रक्ताचा माग काढत संध्याकाळ झाली तरी शोध सोडायचा नाही, हा त्यांचा दंडक आहे. एल्मर कीथची फार गाजलेली आणि फार वादग्रस्त झालेली गोष्ट याच संदर्भातली आहे. सुमारे ६०० यार्डांवरील हरणावर आपण .४४ मॅग्नमने गोळी लागू केली, असे त्याने लिहिले. अनेकांनी त्याला थापाड्या ठरवले. त्याचे सांगणे असे की, ते हरीण दुसऱ्याच्या रायफलीने आधीच जखमी झाले होते. ते तसे निसटून जाऊ नये म्हणून मी बार काढले, एरवी एवढ्या अंतरावर काढले नसते. गोष्ट खरी की अतिशयोक्त, हा वाद बाजूला ठेवू. स्वतःच्या पराक्रमाचे समर्थन करताना त्यालाही जखमी जनावराच्या कर्तव्याकडे बोट दाखवावे लागले, हे अर्थपूर्ण आहे.

जनावराच्या पलीकडे माणसाचा प्रश्न आहे, आणि तो याहून कठीण आहे. अमेरिकन मुलाचे पहिले रिव्हॉल्व्हर बहुधा .२२ चे असते. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. रिकामे डबे उडवावेत, खारी मारून घरी आणाव्यात, अशा कामाचे ते निरुपद्रवी हत्यार म्हणून सर्व स्मृतिलेखांत येते. ५ जून १९६८ रोजी लॉस एंजल्स येथील एका हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांच्यावर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या .२२ च्या रिव्हॉल्व्हरमधूनच. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून दुसऱ्या राज्यातून टपालाने बंदुका घरपोच मागवण्याची सोय बंद केली. .४४ मॅग्नमचीही तीच कथा. कीथने ते काडतूस रानातल्या जनावरांसाठी मागितले होते. १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ हा चित्रपट आला, त्यातील पोलिसाने ते माणसांवर रोखले, आणि कधी रानात पाऊल न टाकलेल्या माणसांनी त्या रिव्हॉल्व्हरसाठी दुकानांपुढे गर्दी केली. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. कपाटातील तेलकट फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू एखाद्या नातवाची सुंदर आठवण होते आणि एखाद्या घराचे कायमचे दुःख होते. वस्तू एकच.

मग त्या देशाने या जिव्हाळ्याला काही विधायक वळण लावले की नाही? काही अंशी लावले. १९३७ साली सिनेटर पिटमन आणि प्रतिनिधी रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के कर राज्यांना वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी मिळू लागला. १९७० साली पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे यांवरील १० टक्के करही त्याला जोडला गेला, आणि त्याचा काही भाग शिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राखला गेला. तेथील रानांत हरणे पुन्हा वाढली, त्यात शिकारीवरील कडक बंधनांचा आणि या पैशाचा मोठा वाटा आहे. मारणाऱ्याकडूनच राखणीचा खर्च वसूल करण्याची ही रीत आपल्या मनाला पटो अगर न पटो, ती व्यवहारात टिकली आहे.

आपल्या देशात याची आठवण वेगळ्या स्वरूपात आहे. हत्तीवरील हौद्यातून वाघाची शिकार करणारे साहेब आणि संस्थानिक आखूड नळ्यांची भक्कम पिस्तुले जवळ बाळगत. त्यांना नावच हौदा पिस्तूल असे पडले. जखमी वाघ उसळून हत्तीच्या मस्तकावर चढलाच, तर अगदी तोंडाशी झाडण्यासाठी ती असत. ते शिकारीचे हत्यार नव्हते. शिकार अंगावर उलटली म्हणजे जीव वाचवण्याचे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो सारा अध्याय बंद झाला, आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगण्यावर १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याचे परवान्याचे बंधन आहे. जंगले आणि वाघ यांची जी स्थिती झाली होती ती पाहता हे योग्यच झाले. तेव्हा अमेरिकन शिकाऱ्याच्या आठवणी आपण वाचाव्यात त्या अनुकरणासाठी नव्हेत. माणसाचे मन ओळखण्यासाठी.

त्या मनातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. या आठवणी लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांना रिव्हॉल्व्हर प्रिय वाटते, कारण त्याच्याबरोबर कोणीतरी त्यांना काही नियम शिकवले होते. हातात घेताच प्रथम झडप उघडून सहाही घरे पाहा. जे मारायचे नाही त्याच्यावर नळी कधी रोखू नकोस. खात्री नसेल तर घोडा खाली ठेव. हे शिकवणारा बाप किंवा आजा आता नाही, आणि ती वस्तू हातात घेतली की त्याचा आवाज ऐकू येतो. प्रेम आहे ते त्या आवाजावर. पण पोलादात तो आवाज नसतो; दुकानात ते रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्याला तो बरोबर मिळत नाही. म्हणून कोणत्याही समाजाला केवळ चांगल्या माणसांच्या संयमावर विसंबून चालत नाही. त्याला कायदा लागतो, आणि जेथे कायदा सैल राहतो तेथे किंमत इतरांना मोजावी लागते. जुना शिकारी सहावे घर रिकामे ठेवीत असे. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नसे. पण त्याच्या साऱ्या आठवणींत आदर करण्यासारखे काही असेल, तर ते त्या रिकाम्या घरातच आहे.